शिट्टीआधी सुटलेली पकड

सोलापुरात नवी पेठेत मुलीसाठी वह्या घेत होतो, तेवढ्यात शिवाप्पाचा मेव्हणा समोर आला. म्हणाला, "मास्तर, दाजी गेले की." भर बाजारात धड रडताही येईना. गिरणीतल्या कापसाने त्याची छाती कधीच पोखरली होती, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हती. तरी वह्या न घेताच परतलो. आता त्याला महिना उलटला.

शिवाप्पा मूळचा दुधनीचा. घरी कानडी, गिरणीत मराठी, आणि माझ्या शेजारच्या खोलीत बिऱ्हाड. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत जत्रांच्या मातीत त्याने भल्याभल्यांना अस्मान दाखवलं होतं. पण परदेशी जाणारा संघ निवडायचा तो गादीवरच्या कुस्तीतून, आणि आमच्यात गादी पाहिली होती कुणी? टाकाऊ कापसाची पोती अंथरून हा गडी पाळी संपल्यावर सराव करायचा. मी चेष्टा करायचो, "शिवाप्पा, कुस्ती खेळतोस की झोपायची तयारी?"

"हसा, मास्तर. इमानातनं हात करतो की तुमाला," तो म्हणायचा. त्याला खरंच जायचं होतं. दुसरं काही त्याने कधी मागितलंच नाही.

मुंबईला शेवटच्या चाचणीला मी बरोबर होतो. समोरचा गादीवरच वाढलेला, अंगानेही भारी. तरी शिवाप्पाने त्याला उचलून पाठीवर टाकलं. आमच्याकडे मातीला पाठ लागली की कुस्ती संपली. जिंकणारा हात देऊन हरलेल्याला उठवतो. शिवाप्पाने तेच केलं. पकड सोडली, वाकून हात पुढे केला... गादीवर मात्र पंचाची शिट्टी होईपर्यंत दाबून धरावं लागतं. ती झालीच नव्हती. समोरच्याने तोच हात धरून त्याला खाली ओढलं आणि चीत केलं. संघ गेला, शिवाप्पा सोलापूरच्या गाडीत बसला.

इथे लोकांनी त्याचा सत्कार केला. 'दिलदार मल्ल' म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं जो भेटेल तो त्या दिलदारपणाचं कौतुक करी आणि हा नुसती मान हलवी. शेवटच्या आजारपणात तोच विषय निघाला. बोलताना त्याला धाप लागत होती.

"दिलदार कसलं, मास्तर? चुकलं माजं. सवयीनं हात गेला म्होरं. आज परत मिळाली ती कुस्ती, तर धरून ठेवीन... लई घट्ट."

एवढं बोलून तो भिंतीकडे वळला. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला धड हरूही दिलं नाही, याचा मला आता फार त्रास होतो.

पुढे तो पोरांना कुस्ती शिकवायचा, त्या तालमीत परवा गेलो. तिथे त्याने एक शिस्त लावली होती. वरच्याने पकड सोडायची नाही. शिवाप्पा जवळ जाऊन पाठीवर थाप मारणार आणि 'बिडु' म्हणणार, मगच. बिडु म्हणजे कानडीत सोड. दोघे गडी खेळत होते. एकाने दुसऱ्याला चीत केलं आणि तसाच दाबून राहिला. आम्ही सगळे नुसते पाहत उभे. खालच्याचा चेहरा लाल झाला. शेवटी तोच म्हणाला, "सोड की रं. आता कोन म्हननार हाय बिडु?"

वरच्याने तरीही लगेच सोडलं नाही.