रंग असून नसल्यासारखा

रंगाच्या दुकानात मशीन आलं त्याला दहा वर्षं झाली. कार्डावरचा नंबर दाबला की डबा तयार. पण भिंतीचा जुना पोपडा हातात घेऊन कुणी आलं आणि म्हणालं, "अगदी असाच पाहिजे, जोड दिसता कामा नये," की मालक मागच्या खोलीकडे बोट दाखवायचे. तिथं मावशी बसायची. मालक तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, तरी तेही तिला मावशीच म्हणायचे. सव्वीस वर्षं ती नुसत्या नजरेनं रंग जुळवत होती.

तिच्या तोंडी एक शब्द कायम: डल. बल्ब डल, चहा डल, पाहुण्यांच्या गप्पा डल. जावई कसा आहे विचारलं तर म्हणायची, "गुणाचा आहे हो, जरा डल आहे." रंगाच्या बाबतीत मात्र हा शब्द कुणी सैल वापरलेला तिला खपायचा नाही. दुकानात रोज येणारा पेंटर एकदा बिनचकाकीच्या तेलरंगाला डल म्हणाला, तर तिनं त्याला उभ्या उभ्या झापलं.

"चकाकी नाही म्हणजे डल होय रे? मळका असेल तर पुसता येतो. फिका असेल तर त्यात रंगच कमी. डल म्हणजे रंग असून नसल्यासारखा. समोर बसलाय, पण तोंड उघडत नाही."

"आमच्या घरी मीच डल म्हणायचा," पेंटर म्हणाला.

मग एक वर्ष असं आलं की तिला सगळंच डल दिसायला लागलं. लेकीनं धुतलेल्या चादरी, भांड्यांवरची लकाकी, खिडकीतलं आभाळसुद्धा. दुकानात तिनं दोनदा ट्यूबलाइट बदलून घेतली. पांढरा डबा उघडला की तिला तो पिवळट वाटायचा, आणि निळ्याचे थेंब किती पडले ते कळायचंच नाही. एकाच्या जागी चार पडायचे.

एके सकाळी पेंटर आला तो हातात ब्रश घेऊनच.

"मावशी, जिन्याच्या भिंतीवर तुमचा रंग लावला. मलमपट्टी केल्यासारखा निळा चौकोन उठलाय. घरमालकीण मला म्हणते, भिंतीला जखम झालीय का!"

"तुझा ब्रश निळ्यात बुडालेला असेल."

"नवा ब्रश. हा बघा."

मालकांनी दारात, उजेडात, दोन्ही नमुने शेजारी धरले. काही बोलले नाहीत. संपूर्ण भिंत दुकानाच्या खर्चानं पुन्हा मारून द्या, एवढंच पेंटरला सांगितलं. ते बोलले नाहीत हेच तिला लागलं. उद्या आपल्याला पुढं बसवतील, ब्रश आणि सँडपेपर विकायला, असं तिच्या मनानं घेतलं.

घरी लेकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू चादरीला नावं ठेवतेस ना, चादर ठीक आहे. चल डोळे दाखवू."

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन म्हटल्यावर मावशी धास्तावली. दुखण्याची भीती नव्हती. "आतलं भिंग काढून दुसरं घालणार म्हणजे नजर माझी राहील का गं?" ती लेकीला विचारत राहिली. "आंधळी परवडले असते, रंग चुकवणारी नाही परवडत."

"काहीतरीच बोलू नकोस."

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा समोरचा पडदा एवढा पांढरा होता की ती दचकलीच. त्यात निळसर झाक. तिनं एक डोळा झाकला, मग दुसरा. एकीकडे थंड पांढरं, एकीकडे चहा सांडल्यासारखं. "हे खोटं दिसतंय," ती डॉक्टरांना म्हणाली.

"हेच खरं आहे, आजी. सवय व्हायला थोडे दिवस द्या."

एरवी आजी म्हटल्याचा राग यायचा, तोही आला नाही. महिन्याभरानं डावा डोळा झाला, आणखी महिन्यानं ती दुकानात आली. मालकांनी मागची खोली कुणालाच दिली नव्हती.

त्या दिवशी एकीनं कपाटाची पट्टी आणली होती. राखी रंग, त्यात हिरव्याची पुसट झाक. मशीननं तीनदा हात टेकले होते. मावशीनं पांढरा घेतला, काळा, पिवळा, निळ्याचा एकच थेंब. तो पडताना तिला स्पष्ट दिसला, कडेनं विरघळतानाही. अर्ध्या पट्टीवर रंग मारून तिनं हेअर ड्रायरनं सुकवला आणि पट्टी मालकांच्या हातात दिली.

मालक दारात गेले. पट्टी उलटी केली, सुलटी केली. पेंटर त्यांच्या खांद्यावरून वाकला.

"बोला ना," मावशी म्हणाली. "चुकला का रंग?"

"मावशी," पेंटर म्हणाला, "लावलाय कुठल्या अर्ध्यावर, तेच सापडेना."

ती मटकन स्टुलावर बसली. गेले सहा महिने छातीत धरून ठेवलेला श्वास एकदम सुटला, आणि पाठोपाठ हसू. पेंटर पाणी आणायला धावला, मालक उगाच चष्मा पुसत राहिले.

मग तिनं हात पुढं केला. "आणा इकडं." पट्टी उजेडात जरा तिरकी धरली आणि एका बाजूवर नख टेकवलं.

"हे माझं. काळा अर्धा थेंब जास्त झालाय. पुन्हा करते."

"अहो, कुणाला दिसणार आहे ते?" मालक म्हणाले.

"मला दिसतंय ना!" ती म्हणाली आणि नवा डबा उघडायला उठली.