बाबांना ऐकू न आलेली गाडी

काचबिंदूने बाबांची दृष्टी गेली ती एका दिवसात नाही. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग पायऱ्या, मग माणसांचे चेहरे. शेवटी खिडकीकडे तोंड केलं की उजेड आहे एवढं कळायचं. विमा कंपनीतल्या नोकरीत बदली होऊन ते सांगलीहून जयपूरला आले होते आणि निवृत्त झाल्यावर इथेच आदर्श नगरमध्ये राहिले. माझं लग्न टिकलं नाही, तेव्हा मी त्यांच्याकडे परत आले. धाकटा भाऊ पुण्याला. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो.

डोळे गेल्यावर बाबा रडत बसले नाहीत. त्यांनी कान कामाला लावले. सकाळी पांढरी काठी घेऊन एकटे निघायचे, दुधाच्या बूथपर्यंत जायचे, बागेला एक फेरी मारून परत यायचे. मी सोबत येते म्हटलं की चिडायचे. "तू आलीस की तू बोलतेस, मग मला रस्ता ऐकू येत नाही," म्हणायचे. व्हरांड्यात बसून गल्लीतली गाडी कुणाची ते सांगायचे. समोरच्या डॉक्टरांची डिझेल गाडी, कोपऱ्यावरच्या मास्तरांची घरघरणारी स्कूटर, भाजीवाल्या भैयाच्या ठेल्याचं एक चाक कुरकुरतं, हेसुद्धा त्यांना पाठ होतं. मी ऑफिसला निघाले की ते व्हरांड्याच्या पायरीवर काठी धरून थांबायचे. माझी गाडी गेटबाहेर पडून वळली की मगच खाली उतरायचे. हा आमचा कित्येक वर्षांचा नेम.

मग मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिला इंजिनाचा आवाज नव्हता, पण हळू चालवताना बाहेरच्यांना कळावं म्हणून ती एक बारीक शिट्टी काढायची. बाबांना दोन दिवसांत ती ओळखू यायला लागली. "तुझ्या गाडीची शिट्टी चांगली आहे, पातळ पण सरळ," ते म्हणाले होते.

मला मात्र ती सहन होईना. दिवसभर ऑफिसात काउंटरवर आरडाओरडा, घरी बाबांचा रेडिओ, आणि गाडीत बसल्यावर हे भणभणणं. स्क्रीनवर तो आवाज बंद करायचं बटण होतं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की शिट्टी परत यायची, म्हणून रोज बटण दाबावं लागायचं. मी तशी सवयच लावून घेतली. बसायचं, पट्टा लावायचा, बटण दाबायचं. मग ऑफिसपर्यंतचा वेळ फक्त माझा. खोटं कशाला सांगू, त्या शांततेसाठी मी सकाळची वाट बघायचे.

बाबांना मी हे सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. त्यांना सांगायला हवं, हे मला सुचलंच नाही.

पावसाळा संपत आला होता. त्या दिवशी मी गेट उघडून गाडीत बसले, बटण दाबलं, मागचा कॅमेरा बघितला. कुणी नव्हतं. गाडी मागे घेताना माझं लक्ष गेटाच्या खांबाकडे होतं, कारण तिथे आधी एकदा घासली होती. मागे काही जवळ आलं की वाजणारा गाडीतला बझर वाजत होता, पण तो खांबामुळे रोजच वाजायचा. मग मागे काहीतरी मऊ आपटल्यासारखं झालं आणि काठी फरशीवर पडल्याचा आवाज आला.

बाबा कुशीवर पडले होते. पहिलं वाक्य त्यांनी असं म्हटलं, "तू अजून गेली नव्हतीस?"

शेजारच्या भाभी धावत आल्या. त्यांच्या मुलाच्या गाडीतून आम्ही हॉस्पिटलला गेलो. खुबा मोडला होता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी माझा हात शोधला आणि म्हणाले, "चूक माझी आहे. गेट उघडल्याचं ऐकलं, मग सगळं शांत झालं. म्हटलं, गेली ही. म्हणून उतरलो."

मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुला एक सांगतो, रागावू नको," ते पुढे म्हणाले. "गेले कित्येक दिवस मला तुझ्या गाडीची शिट्टी ऐकू येत नव्हती. बोललो नाही. डोळे गेलेत, आता कानही चालले म्हटलं तर तू मला एकट्याला बाहेर सोडलं नसतंस."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. नर्स आली, तिने रक्तदाब घेतला, ती गेली, आणि मी त्यांची चादर सारखी करत राहिले.

घरी आल्यावर वॉकर आणला. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिच्यासमोर ते पलंगापासून दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. व्हरांड्यात चला म्हटलं की नको म्हणायचे. त्यांनी रेडिओ लावणं सोडलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की विचारायचे, "आत्ता वाजली ना? एकदाच ना?" टाके बघायला हॉस्पिटलला नेलं तेव्हा त्यांच्या हट्टाखातर कानही तपासून घेतले. तपासणाऱ्याने सांगितलं, "बाबूजी, उमर के हिसाब से बहुत अच्छे हैं." बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगतात."

त्यानंतर मला जेवण जाईना. एका रविवारी दुपारी मी त्यांच्या पलंगाजवळ स्टूल घेऊन बसले.

"बाबा, तुमचे कान खरंच चांगले आहेत. गाडीचा आवाज मी बंद करत होते."

"कधी?" त्यांनी विचारलं.

"रोज. बसलं की बटण दाबायचे."

"त्या दिवशीही?"

"हो."

त्यांची बोटं चादरीच्या काठावरून पुढे गेली आणि परत आली. "का ग?"

"डोक्यात भणभणायचं. जाताना तेवढीच शांतता मिळायची."

मला वाटलं, आता ओरडतील. मला ते हवंही होतं. ते म्हणाले, "माझा रेडिओसुद्धा दिवसभर चालूच असायचा." हे ते मला टोमणा म्हणून बोलले नाहीत, माफी मागावी तसं बोलले. मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

परत आले तर ते पलंगावर बसते झाले होते. "मला बाहेर ने," म्हणाले. "आणि ती गाडी चालव. आवाज ठेवून."

महिनाभरात त्या दिवशी ते पहिल्यांदाच व्हरांड्यात आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, गाडी गेटबाहेर काढली आणि घरासमोरून सावकाश पुढे नेली, मागे आणली. काच खाली होती. बाबांनी मान किंचित कलती केली. "आली," ते म्हणाले. "चालली... थांबलीस. आता मागे." एकदाही चुकले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी हसू होतं. "ऐकू येतंय ग मला. व्यवस्थित ऐकू येतंय." मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. मला उतरवेना.

कान त्यांचे त्यांना परत मिळाले, पण पायांनी साथ दिली नाही. थंडी वाढली तसा कफ छातीत साठला. दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा ते घरी आले नाहीत.

भाऊ पुण्याहून आला. तेराव्याचं सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा घेत होतो. त्याला अपघाताचं मी फोनवर अर्धवटच सांगितलं होतं, गाडीपाशी पडले एवढंच. आज सगळं सांगायचं असं मी ठरवलं होतं.

तोच आधी बोलला. "ताई, तू मनाला लावून घेऊ नको. बाबांनी मला सांगितलंय सगळं."

"काय सांगितलं?"

"तू गाडी बंद करून उभी होतीस, तेच घाईघाईने उतरले आणि येऊन धडकले. दिवाळीच्या आधी त्यांनी मुद्दाम फोन केला होता. म्हणाले, ताईला कधी काही बोलू नकोस, तिची काही चूक नाही."

दिवाळीच्या आधी. म्हणजे त्या रविवारनंतर. सगळं माहीत झाल्यावर.

"हं," मी म्हणाले, आणि त्याच्या कपात उरलेला चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या नातेवाइकांना भावाने तीच हकिकत सांगितली, गाडी कुठे उभी होती ते हात करून दाखवलं. मी बाजूला उभी राहून ऐकलं. त्याला खरं सांगायला त्यानंतर मी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा मुलांच्या परीक्षांचं विचारून ठेवून दिला.