डोहावरचं तेल

कोळवण खोऱ्यात भातखाचरं सोडून जी जमीन कुणाच्याच उपयोगाची नव्हती, तिथे विजेचं सबस्टेशन बांधलं. माळ नुसता खडकाचा. भोवती तारेचं कुंपण, आत पसरलेली खडी, मधोमध हत्तीएवढा ट्रान्सफॉर्मर, एका बाजूला ऑपरेटरची खोली आणि कुंपणाला लागून सामान ठेवायची पत्र्याची खोली. सामान दुसरीकडे हलवल्यावर ती पत्र्याची खोली चांगुणाने मागून घेतली आणि तिथेच राहायला लागली.

तिचा नवरा भिकू या सबस्टेशनात खलाशी, म्हणजे ऑपरेटरच्या हाताखालचा मदतनीस होता. काविळीने गेला. त्याच्या जागी घरातल्या एकाला घेणार असं कळलं, तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, की त्याचा धाकटा भाऊ दामूच लागणार. वीज मंडळाचे साहेब घरी आले. मूलबाळ आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हतं. मग पहिला हक्क बायकोचा, तुमची तयारी आहे का, असं ते चांगुणाला म्हणाले. सासू सारजाबाई शेजारीच बसली होती, दामू दारात उभा होता. चांगुणाने खाली बघत ‘हाय’ म्हटलं.

घडलं ते एवढंच. भांडण झालं नाही, कुणी आवाज चढवला नाही. पण त्या दिवसापासून घरात तिच्याशी बोलणं कमी होत गेलं आणि एक दिवस संपलं. जेवायला ताट वाढून ठेवलेलं असायचं, ‘जेव’ म्हणणारं कुणी नसायचं. तिने आपलं अंथरूण, दोन भांडी आणि बाबासाहेबांची तसबीर उचलली आणि माळावर आली.

बौद्धवस्ती माळाच्या पायथ्यालाच, ओढ्याच्या कडेला. वस्तीला पाणी ओढ्यातल्या डोहाचं. चांगुणाही तिथलंच पाणी भरायची. सकाळी बायका जमलेल्या असत. ती दिसली की बोलणं थांबायचं आणि ती वळणापलीकडे गेली की पुन्हा सुरू व्हायचं. म्हणून ती भर दुपारी जायला लागली. पाय भाजायचे, पण डोहावर दुसरं कुणी नसायचं.

तिचं काम आवार झाडायचं, खडीतलं गवत उपटायचं, ऑपरेटरच्या खोलीत पाणी भरायचं. ऑपरेटर जयसिंग खानदेशातला. स्वभावाने चांगला, पण बोलणं मोजकं. कधीकधी पूर्ण दिवस चांगुणाच्या तोंडून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी ती उगाच खाकरून बघायची, आवाज आहे की गेला.

आणीबाणी उठून एक-दोन उन्हाळे झाले होते. वैशाखातल्या एका सकाळी ती झाडू घेऊन आवारात आली, तर ट्रान्सफॉर्मरखालची खडी ओली दिसली. पाणी सांडलं असेल म्हणून तिने हात लावला. हात बुळबुळीत झाला. वर पाहिलं तर ट्रान्सफॉर्मरच्या एका सांध्यातलं रबर चिरलं होतं आणि तिथून तेलाची धार लागली होती. तेल करडईच्या तेलासारखं पिवळसर, पण पाण्यासारखं पातळ.

तिने जयसिंगला हाक मारली. त्याने आधी वीज बंद केली. खोऱ्यातले पंप, गिरण्या, सगळं एकदम थांबलं. फोन उचलला तर मुका. मग त्याने सायकल काढली. पौडला जाऊन फोन करतो, असं सांगितलं. बिडी ओढणाऱ्याला फाटकाच्या आत घेऊ नको, ट्रान्सफॉर्मरला हात लावू नको, जमलं तर गटार बुजव, एवढं बजावून तो गेला.

आवारातलं पावसाचं पाणी बाहेर काढायला एक गटार होतं. ते माळावरून उतरत थेट ओढ्याला मिळायचं. चांगुणाने फावडं घेतलं, माती ओढून गटाराचं तोंड बुजवलं, वर गोणपाटं दाबली. पण कुंपणाबाहेर येऊन पाहिलं, तर गटाराच्या पुढच्या भागात तेल कधीच उतरून गेलं होतं. रात्रीच धार लागली असणार. दगडादगडावर ते चकाकत होतं आणि खाली ओढ्याकडे चाललं होतं.

ती पळत वस्तीत गेली. घर सोडून आल्यापासून तिने त्या गल्लीत पाऊल ठेवलं नव्हतं. सारजाबाई अंगणात तांदूळ निवडत होती. दामू खाटेवर बसून चहा पीत होता. चांगुणाला धाप लागली होती.

“माळावरचं त्याल डोहात उतरतंय. पानी भरू नका. आन् दोन मानसं द्या माज्यासंगं, बांध घालायला.”

सारजाबाईचा हात सुपात थांबला. तिने दामूकडे पाहिलं. दामूने कप खाली ठेवला.

“नोकरी तुजी हाय,” तो म्हणाला. “तूच निस्तर.”

त्याने आवाज चढवला नव्हता. चांगुणा क्षणभर उभी राहिली. सासू काही बोलेल असं तिला वाटलं. सारजाबाई पुन्हा खडे वेचायला लागली.

ती परत फिरली. फाटकाशी गावातली काही माणसं डबे, कळशा घेऊन उभी होती. ह्या तेलाने गुडघे चोळले की दुखणं पळतं, अशी खोऱ्यात समजूत होती. कंदिलात घालायलाही काहींना ते हवं होतं. एकाच्या तोंडात पेटलेली बिडी होती. चांगुणा फाटकात आडवी उभी राहिली. बिडी विझवा आणि मागं सरका, असं तिने सांगितलं. माणसं हसली. मग तिने फावडं हातात धरलं, तसं हसणं थांबलं. कुरकुरत ती पांगली. भिकूची बायको लई माजली, असं कुणीतरी जाता जाता म्हणालं.

माणसं गेल्यावर तिने फाटकाला कुलूप घातलं आणि कोळवणात हैबतरावांच्या भाताच्या गिरणीवर गेली. वीज नसल्याने गिरणी बंद होती, हैबतराव ओट्यावर वारा घेत बसले होते. मागच्या बाजूला भाताच्या तुसांचा डोंगर. तूस तेल पितं, हे तिला ठाऊक होतं. सांडलेल्या रॉकेलवर भिकू तेच टाकायचा. तिने मागितलं. न्यायचं तेवढं ने, असं हैबतराव म्हणाले, पण बैलगाडी शेतावर गेली होती. मग तिने पोती भरली आणि एकेक डोक्यावर घेऊन ओढ्यापर्यंत नेली. खेप झाली की पुन्हा गिरणी.

ओढा उन्हाळ्यात नावालाच वाहत होता, म्हणून तेल सावकाश आलं. तिने डोहाच्या वरच्या अंगाला दगड, गवताची ढेपळं आणि तुसांची पोती रचून बांध घातला. निम्मं तेल तिथे अडलं. निम्मं आधीच डोहात पोचलं होतं. पाण्यावर मोरपिसाचे रंग पसरले होते. बघायला इतके सुंदर, की तिला राग आला.

संध्याकाळी जयसिंग साहेबांच्या जीपमधून परतला. पुढच्या काही दिवसांत माणसं आली, सांधा बदलला, नवं तेल भरलं. मजुरांनी आवारातली खडी धुतली, तेलकट माती उकरून खड्ड्यात पुरली. चांगुणाने बांध घातला म्हणून साहेबांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. वीज आली, पंप सुरू झाले, जीप गेली. डोह कुंपणाच्या बाहेर होता. तो कुणाच्याच कामात धरलेला नव्हता.

वस्तीतल्या बायका आता लांब नदीच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीने हंडे भरत होत्या. जाता-येता त्या माळाकडे बघून बोलत. चांगुणाला शब्द ऐकू यायचे नाहीत, पण काय बोलत असतील ते कळायचं.

डोह साफ कर, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. काम आटोपलं की ती खाली उतरायची. पाण्यावर तुसं पसरायची, ती तेल पिऊन काळी पडेपर्यंत वाट बघायची, मग जुन्या लुगड्याची लांब पट्टी पाण्यातून ओढत ती तुसं काठाला आणायची आणि पाटीत भरायची. पट्टीला दोन टोकं. एक तिच्या हातात. दुसरं धरायला माणूस नव्हतं. ते ती काठावरच्या करंजाच्या मुळीला बांधायची. त्यामुळे करंजाच्या बाजूचं तेल तसंच राहायचं. मग गाठ सोडायची, दुसरीकडे बांधायची, पुन्हा पहिल्यापासून. हाताला, पोटऱ्यांना खाज सुटली. अंगाचा वास साबणानेही जाईना.

एका दुपारी ती पाण्यात उभी होती. पट्टी अचानक सैल झाली. गाठ सुटली असं वाटून तिने मागे पाहिलं, तर सारजाबाई करंजाखाली वाकलेली. तिने गाठ सोडली होती आणि टोक मनगटाला गुंडाळून घेत होती. लुगडं खोचून ती पाण्यात उतरली. म्हातारीला खोल पाण्याची सवय नव्हती, पाय चाचपडत होते.

दोघींनी पट्टी ताणून धरली आणि डोहाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चालत गेल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुसं एका खेपेत अख्खी गोळा झाली.

सारजाबाई दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. दामू हैबतरावांच्या शेतावर गेला की यायची. पाटी भरायची, उचलायला हात लावायची, संध्याकाळ व्हायच्या आत निघून जायची. असंच एकदा दोघी दम खात करंजाच्या सावलीत बसल्या होत्या.

“आत्याबाई,” चांगुणा म्हणाली, “नोकरीचा राग हाय ना अजून?”

सारजाबाईने हाताला चिकटलेलं तूस काढून टाकलं.

“नोकरीचा राग दामूला,” ती म्हणाली. “मला न्हाई.”

“मग तुमी बोलला का न्हाई कदी?”

“तू निगून गेलीस. दामूपुढं भिकूचं नाव काडलं की त्यो उठून जातुया. धाकली सून तर लगीन होऊन मागनं आली, तिनं भिकूला बगितलंबी न्हाई.” म्हातारीचा आवाज कोरडा होता. “माज्या पोराचं नाव घ्यायला घरात कोनी राह्यलं न्हाई. तुला तितं माळावर येकलीला त्याची याद काडता येती. मी कुनापाशी काडू?”

चांगुणाला वाटत आलं होतं, की टाकलेलं माणूस आपण. आपण कुणाला टाकून आलो असू, हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं. मग ती भिकूबद्दल सांगायला लागली. रातपाळीवरून आला की तो दारातूनच कसा शीळ घालायचा, विजेची भीती वाटते का विचारलं की कसा हसायचा. तिचा आवाज मधेमधे घोगरा होत होता, बोलायची सवय गेलेली. सारजाबाई ऐकत होती. एकदोनदा तिने दुरुस्तीही केली. ती शीळ त्याच्या बापाची, असं म्हणाली.

पाऊस लागायच्या आत डोह निवळला. काठाच्या दगडांवर काळा पट्टा राहिला, पण पाणी स्वच्छ झालं. बायका पुन्हा हंडे घेऊन आल्या. साफ करायचं काम उरलं नाही, तसं सारजाबाईचं येणंही थांबलं. चांगुणा अजून दुपारचीच पाण्याला जायची. थोडा वेळ करंजाखाली बसून राहायची. म्हातारीने घरातून निघायचं तर कारण हवं, आणि कारण संपलं होतं. आपणच वस्तीत जावं, असं तिच्या मनात यायचं. ती गटारापर्यंत उतरायची आणि परत फिरायची.

भाद्रपदात एका सकाळी दामू फाटकापाशी येऊन उभा राहिला. भिजलेला. आत यायला परवानगी लागते की काय, अशा नजरेने तो फाटकावरच्या धोक्याच्या पाटीकडे बघत होता.

“वैनी,” तो म्हणाला, “म्हातारी गेली.”

तापाने चार दिवस पडून होती. चांगुणाला कुणी कळवलं नव्हतं. काल सांजेला भिकूला हाका मारत होती, एवढं त्याने सांगितलं आणि तोंड फिरवलं.

ती त्याच्या मागोमाग गेली. बायकांनी तिला वाट दिली. सासूला तिनेच अंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं. माती झाल्यावर बायकांनी तिला घरात बसवलं, चहा दिला. दामूची बायको राहा म्हणाली. दामूने कोपऱ्यात तिच्यासाठी घोंगडी अंथरून ठेवली होती. चांगुणाने ती पाहिली, पण भिकूचं नाव काढायला त्या घरात आता कुणी नव्हतं. अंधार पडायच्या आत ती माळावर परतली.

पुढे ती बरीच वर्षं त्या सबस्टेशनात होती. वस्तीत आता कुणी तिला बघून गप्प होत नसे. ती सकाळीही पाण्याला जायची. वाटेत एखादी बाई हाक मारून बसा म्हणायची. चांगुणा थांबायची, बरंवाईट विचारायची, पोराबाळांच्या डोक्यावरून हात फिरवायची.

“बसत न्हाई, बाय,” ती म्हणायची. “ड्यूटी हाय.”

आणि सुटीच्या दिवशीसुद्धा ती तेच म्हणायची.