छाटलेली गाडी

आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊ मूळचे दिंडोरीचे, द्राक्षबागायतदार. त्यांनी नवी टर्बो गाडी घेतली आणि लगेच तिचा टर्बोची जादा हवा सोडणारा कंपनीचा व्हॉल्व्ह काढून बाहेरचा, भारीतला बसवला. आता अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी ‘फिस्स’ करते. गेटपाशी भाऊ मुद्दाम पाय उचलतात.

त्या दिवसापासून गाडीखाली तेल ठिबकायला लागलं. मी म्हटलं, गॅरेजला दाखवा. भाऊ माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, “सर, छाटणी केली की वेल पाझरतेच. पाझरतीय म्हणजे जिवंत हाय.” रोज सकाळी ते उकिडवे बसून गाडीखालचे थेंब बघायचे आणि समाधानाने उठायचे.

काल ते पेढे घेऊनच दारात. “थांबलं, सर! एक थेंब नाय. चला, ऑफिसला सोडतो.”

तेल थांबलं नव्हतं, संपलं होतं. पण तो चेहरा बघून मला ते सांगवेना. पेढा खाल्ला आणि गाडीत बसलो.

पुलावर इंजिन खडखडलं आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. भाऊ शांतपणे उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि हळू आवाजात मला म्हणाले, “काढणीनंतर बाग जाते, तशी विश्रांतीला गेली. आता महिनाभर हात लावायचा नाय.”