वारा सरला का

ऑपरेशन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा वारा सरला. ही गोष्ट मी दोन दिवस लपवून ठेवली, आणि त्यापायी माझं पोट परत उघडायची पाळी आली होती. वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा येडा आहे. येडा नाही मी. काय झालं ते सांगतो.

मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. ठाण्याच्या दवाखान्यात वीतभर आतडं कापलं आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवली. डॉक्टर वयाने लहान, पण हाताचा चांगला. तो म्हणाला, आतडी आता झोपलीत. ती जागी झाली की वारा सरेल, तोपर्यंत पोटात पाण्याचा थेंब जाणार नाही. मग रोज सकाळी येऊन पोट दाबायचा आणि विचारायचा, "आजोबा, गॅस पास झाला का?"

विचारायला माझी हरकत नव्हती. पण बाजूला सून उभी असायची.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलाची गोडाऊनला ड्युटी, तो संध्याकाळी यायचा. दिवसभर माझ्याजवळ सूनच. ती मला मामा म्हणते, आमच्यात सासऱ्याला तसंच म्हणतात. माझ्यासमोर ती अजून खुर्चीत बसत नाही. मीसुद्धा घरात शिरताना दारात खाकरतो, म्हणजे तिला पदर सारखा करायला वेळ मिळतो. बावीस वर्षं आम्ही दोघांनी हे सांभाळलं. त्या बाईच्या देखत मी वाऱ्याच्या गोष्टी करू?

डॉक्टरच्या कानात सांगावं तर तेही जमणारं नव्हतं. टेमघरच्या कापड कारखान्यात पस्तीस वर्षं लूम चालवले. त्या खडखडाटात माझे कान गेले, आणि हळू बोलणं म्हणजे काय तेही विसरलो. मी कुजबुजलो तर जिन्यातला माणूस मागे वळून बघतो.

तर त्या संध्याकाळी वारा सरला तेव्हा सून पायाशी चादर सारखी करत होती. मी मोठ्याने खोकलो. टाके असे ताणले की डोळ्यांत पाणी आलं. पण वाटलं, झाकलं एकदाचं.

सकाळी डॉक्टरने विचारलं. मी म्हटलं, "न्हाय."

तो दिवस सलाईनवर गेला. जीभ टाळूला चिकटलेली. सून ओला बोळा ओठांवरून फिरवायची, आणि तो चोखू नका म्हणून सांगायची. संध्याकाळी मुलाला सांगावं असं मनात आलं. पण त्याला सांगितलं की घरी जाऊन तो तिलाच सांगणार, आणि वर दोघं हसणार. नाही सांगितलं.

बाजूच्या खाटेवर बनारसकडचा एक टेम्पोवाला होता. त्याचंही पोटाचं ऑपरेशन. त्याचा वारा सरला की तो हात वर करून ओरडायचा, "सिस्टर, लिखो!" त्याला कसली लाज नाही. सून चहाला खाली गेली तेव्हा मला म्हणाला, "चाचा, बहू के सामने शरमाओगे तो प्यासे मरोगे."

"तू अपना देख," मी म्हटलं.

"अरे, तुम्हारा तो पूरे वॉर्ड ने सुना है."

मला वाटलं, उगाच चिडवतोय.

पाचव्या दिवशी डॉक्टर आला. विचारलं. मी परत "न्हाय" म्हटलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "पोट तर मऊ लागतंय. आज नाकातून नळी घालू, फोटो काढू. जोड अडला असेल तर पुन्हा उघडावं लागेल." नर्सला त्याने सहीचे कागद आणायला सांगितले.

 तरी माझं तोंड उघडेना.

तेव्हा सुनेने पदर पुढे ओढला आणि खाली बघत म्हणाली, "डॉक्टर, मी जरा बाहेर जाते. मग मामांना परत विचारा."

ती दाराकडे निघाली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हिने ऐकलं होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं हिला. माझी अब्रू राहावी म्हणून दोन दिवस गप्प राहिली, आणि आता पोट उघडण्यावर आलं तेव्हा निघून चालली. मला राग आला. तिचा नाही. माझ्यावर कोणी उपकार करावा हे मला सोसत नाही.

"ए, थांब," मी म्हटलं. अख्खा वॉर्ड थांबला. "हितंच उभी ऱ्हा." मग डॉक्टरला सांगितलं, "सरला. परवा संध्याकाळीच सरला. काल दोनदा, आज पहाटे परत."

"मग नाही का म्हणत होतात?"

"सून उभी होती ना."

 सुनेने भिंतीकडे तोंड केलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. टेम्पोवाल्याने आरोळी दिली, "मुबारक हो, चाचा!" कागद परत गेले. सुनेने चमच्याने पाणी पाजलं. पहिला चमचा मी तोंडातच धरून ठेवला, गिळावासा वाटेना.

पण खरी परीक्षा घरी आल्यावर. आतडं कमी झालं की ते आपल्याच मर्जीने चालतं. आठ-आठ वेळा जावं लागायचं, होऊनही झालं नाही असं वाटायचं. एकदा संडासाच्या दारापर्यंत पोचलो नाही. लेंगा मीच धुणार म्हणून बादली ओढली, तर ती म्हणाली, "मामा, वजन उचललंत तर टाके तुटतील. मग परत डॉक्टरला तुम्हीच सांगा सगळं." बादली सोडली मी.

आता चार महिने झाले. सकाळी ती भाकऱ्या थापता थापता आतून विचारते, "मामा, किती वेळा?"

"तीनदा," मी ओटीवरून सांगतो. समोरच्या घरातल्या बायकांना ऐकू जातं. जाऊ दे.

"पातळ?"

"न्हाय, बांधून हाय."

"मग आज पेज नको. तांदळाची अर्धी भाकरी देते."

"अर्धी का? एक दे."

"अर्धी. उद्या विचारते, मग बघू."