पऱ्हाटीचा दिवा

घासाघीस करायची तर आधी मालाला नावं ठेवायची, याच जोरावर मी अकोल्यात दुकान उभं केलं. अमरावतीच्या एका गल्लीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या दोऱ्यानं बांधून विजेचे दिवे करणारी बाई सापडली. संध्याकाळी लेकीचा गृहप्रवेश होता. एक दिवा मनात भरला.

"वाकडा हाय हा," मी म्हटलं.

बाईनं चष्मा सावरून दिवा फिरवला. "खरंच की भाऊ. खोलाच लागते याले." तिनं कात्री उचलली.

"उजेडही कमी पडते," मी सवयीनं बोलून गेलो.

"तेही बरोबर." पहिली गाठ कापलीसुद्धा.

"राहू द्या बाई, लई सुंदर हाय," म्हणत मी दिवाच ओढून घेतला.

घेण्याआधी मालाची तारीफ जन्मात पहिल्यांदा केली, तीही पूर्ण भावात. लेक खूश आहे. बाईवरचा माझा राग अजून गेलेला नाही.