दाजी प्रीऑक्युपाइड होते

'प्रीऑक्युपाइड' हा शब्द आमच्या नल्लकुंट्याच्या घरात दाजींनी आणला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आधी सरकारी खात्यात होते. बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या तसे ते खाजगीत गेले, कमरेला पेजर लावू लागले, आणि 'वेळ नाही' असं साधं बोलणं त्यांना कमीपणाचं वाटू लागलं. जेवायला बोलवा, सणाला बोलवा, उत्तर एकच. "सध्या जरा प्रीऑक्युपाइड आहे."

"म्हंजे काय गं?" आईनं मला विचारलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते.

"मन एखाद्या गोष्टीत इतकं गुंतलेलं, की दुसरं काही सुचत नाही."

"मन?" आई म्हणाली. "ह्यांचं?"

ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. एका दुपारी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल, सहीसाठी नवऱ्याला बोलवा. मी समोरच्या बूथवरून फोन केला.

"आज नक्को, मी फार प्रीऑक्युपाइड आहे," म्हणून दाजींनी फोन ठेवला.

मी तशीच ऑटोनं नारायणगुड्याला त्यांच्या ऑफिसात गेले. टेबलावर कागदाचा कपटा नव्हता. दाजी फिरत्या खुर्चीत रेलून शिपायाला पेजरच्या एकेक धून ऐकवत होते.

"ताईला आत नेतायत. चला."

"तुम्ही सगळे आहात ना तिथं? मला मीटिंग आहे."

"किती वाजता?"

"ते ठरायचंय अजून."

शेवटी सही बाबांनी केली. मुलगी झाली.

तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून, मिठाईचा डबा घेऊन दाजी आले. ताईच्या खाटेपाशी उभं राहून मीटिंगबद्दल, साहेबांबद्दल, मद्रासहून आलेल्या पाहुण्यांबद्दल बोलत राहिले. ताईनं मुलीची इवलीशी मूठ उघडली, बोटं निरखली, पुन्हा अलगद मिटली.

"ऐकतेस ना?" दाजींनी आवाज चढवला.

"अं?" ताईनं मान वर केली. "तुम्ही कधी आलात?"

त्या शब्दाचा अर्थ मला कुठल्याही शिक्षकानं इतका नीट समजावला नव्हता. दाजींना मात्र अपमान वाटला. डबा माझ्या हातात कोंबून, "तुझी ताई फार बदलली," म्हणत ते जिना उतरले.

मुलगी बसायला लागेपर्यंत ताई आमच्याकडेच राहिली. न्यायला दाजी स्वतः आले, अगदी सांगितल्या वेळेला. त्यांची स्वयंपाकाची बाई काम सोडून गेली होती.